भिंतीतली टाकी

प्रिय भिंगरी,

हे पत्र रविवारच्या आत तुझ्या हातात पडलं म्हणजे मिळवली. रविवारी तुझ्या दारात तुझा नवरा उभा राहणार आहे. दार उघडायच्या आधी हे शेवटपर्यंत वाच, एवढंच मागणं. सासूचं पत्र म्हटल्यावर मध्येच टराटरा फाडावंसं वाटेल, तो हक्क तुला आहे. पण आधी वाच, मग फाड. मी फिरवून फिरवून बोलते हे तुला ठाऊकच आहे. एकदम मुद्द्यावर यायला मला जन्मात जमलं नाही, आणि या खेपेचा मुद्दा असा की तो एकदम सांगितला तर तू म्हणशील, म्हातारीचं डोकं फिरलं. हे मी घरी बसून लिहीत नाहीये बरं का. माशांच्या दुकानात, मागच्या बाजूला एका खोक्यावर बसलेय. दुकानदार भला माणूस. त्याने कागद दिले, पेन दिलं, आणि काय लिहिता म्हणून विचारलंसुद्धा नाही. चारी बाजूंनी टाक्या बुडबुडताहेत. माशांचं खाद्य संपलं असं तुझ्या नवऱ्याला सकाळी सांगून निघालेय. साडेपाचला तो येतो, त्याच्या आत मला घरात असायला हवं.

आपल्या घरातली टाकी तू दोन वर्षं पाहिलीस, पण ती बसली तेव्हा तू नव्हतीस. त्याला अकरा वर्षं झाली. तुझे सासरे बांधकामावर मुकादम, भिंत दिसली की त्यांचे हात शिवशिवायचे. लोक टाकी टेबलावर ठेवतात. ह्यांनी हॉल आणि आतली खोली यांच्यामधली भिंत फोडली, त्या भोकात चार फुटांची टाकी बसवली, दोन्ही बाजूंना जाड काच. दोन्हीकडून मासे दिसणार, म्हणून सगळी आळी बघायला आली होती. झाकण, दिवा, दिव्याचं बटण, पंपाचं बटण, सगळं हॉलच्या बाजूला. आतून फक्त बघायचं. ती आतली खोली तेव्हा आमची होती. संध्याकाळी हे हॉलमधल्या खुर्चीत बसून टाकीकडे टक लावून असत आणि मी आत कपड्यांच्या घड्या घालत असे. लोकांना मी कौतुकाने सांगायचे, ह्यांना माशांचं भारी वेड. मासे त्या वेळी बहुतेक झाडांमागे लपलेले असायचे, हे माझ्या लक्षात यायला ह्यांना जाऊन चार वर्षं व्हावी लागली.

त्यांचा एक नियम होता, आणि तो तू माझ्याच तोंडून ऐकलास: जुनं पाणी टाकायचं नाही. उडून जेवढं घटेल तेवढंच वरून भरायचं. या नियमाचं मूळ असं की पहिल्याच वर्षी शेजारच्या मास्तरांनी आपली टाकी घासूनपुसून, सगळं पाणी बदलून लख्ख केली, आणि दुसऱ्या दिवशी सगळे मासे उताणे. ह्यांनी त्याचा धसकाच घेतला. पाणी मुरलं पाहिजे, म्हणायचे. फिल्टरचा स्पंज नळाखाली धरायचा नाही, टाकीतल्याच पाण्यात पिळायचा. तेवढं मात्र बरोबर होतं. पण पिळून निघालेलं ते काळं पाणीसुद्धा हे फेकू देत नसत. बादलीत गाळ बसला की वरचं पाणी परत टाकीत. मी स्वतः तसं ओतलंय, थेंब न सांडता. पाणी चहाच्या रंगाचं झालं तरी आम्हाला कौतुक, म्हणे मुरलंय. सुरुवातीला सव्वीस मासे होते, त्यातले एकेक करत तीन उरले. दोन एंजल आणि तळाशी काचेला तोंड लावून बसणारा तो काळा सकर. हे म्हणायचे, हे तीन खरे जातिवंत. मलाही तसंच वाटायचं.

मग तू आलीस. एका जागी बूड टेकेल तर शपथ! ओट्यापाशी बघावं तर तू गॅलरीत, गॅलरीत बघावं तर जिन्यात, आणि सारखं काहीतरी गुणगुणणं. पहिल्याच आठवड्यात मी तुझं नाव भिंगरी ठेवलं. कापडाच्या दुकानातला तुझा पहिला पगार झाला तेव्हा तू सहा चिमुकले मासे घेऊन आलीस, निळ्या-तांबड्या पट्ट्याचे. तुझ्या माहेरी टाकी होती, तुला सगळं रीतसर येत होतं. पिशवी अर्धा तास पाण्यावर तरंगत ठेवलीस, टाकीतलं पाणी वाटीवाटीने पिशवीत घातलंस, मग हळूच सोडलेस. संध्याकाळपर्यंत सहाही गेले. मी म्हणाले, तुझ्या हाताला यश नाही. हसत म्हणाले होते, पण म्हणाले. तू बिचारी अजीजीने म्हणालीस, पाण्यात काहीतरी दोष असेल, थोडं बदलून बघू या का? तेव्हा माझ्या मुलाने त्या तिघांकडे बोट दाखवलं. हे नऊ वर्षं याच पाण्यात आहेत, पाणी वाईट असतं तर जगले असते का, म्हणाला. बिनतोड बोलणं. मी त्याच्या हुशारीवर खूश झाले होते, काय सांगू तुला.

पडद्याचंही तसंच. ती खोली तुम्हा दोघांना दिली, तेव्हा तू आतल्या बाजूने काचेला पडदा लावलास. नव्या जोडप्याने नाही लावायचा तर कुणी? त्याने तो काढला, नीट घडी घातली आणि तुझ्या हातात दिला. कापड हललं की मासे बिचकतात, म्हणाला. ओरडला का? छे. तो कधीच ओरडत नाही. चष्म्याच्या दुकानात त्याच्याकडे डोळे तपासून घेणारी माणसं मला रस्त्यात थांबवून सांगतात, तुमचा मुलगा म्हणजे देवमाणूस, काच बदलून बदलून किती शांतपणे विचारतो, आता दिसतंय? आणि आता? तुझ्याशीही तो त्याच आवाजात बोलायचा. त्याच आवाजात तुझी नोकरी सुटली, तुझ्या बहिणीचं येणं थांबलं, तुझा फोन त्याच्या खिशात गेला. पाण्यात राहून माशाशी वैर कशाला, हे शहाणपण मीच तुला शिकवलं. हळूहळू तुझं गुणगुणणं बंद झालं. मला वाटलं, रुळली पोरगी.

आता तो बुधवार. इथवर आले आणि पेन अडलं बघ, दुकानदाराने दिलेला चहा निवून गेला. दुपारची वेळ होती. तू मला न विचारता बाही वर खोवून कामाला लागली होतीस. दोन बादल्या पाणी काढलंस, मोरीत ओतलंस, रात्रभर भरून ठेवलेली तिसरी बादली घालायला म्हणून उचललीस, आणि तो दारात उभा. त्या दिवशी तो लवकर का आला ते मला माहीत नाही. नाही, खोटं का बोलू? मीच फोन केला होता. सूनबाई टाकीला हात लावतेय, एवढंच सांगितलं होतं. त्याने बादली तुझ्या हातातून घेतली, खाली ठेवली आणि तुला आतल्या खोलीत नेलं. दार लागलं. मी खुर्चीत जाऊन बसले. टाकीतलं पाणी खाली गेलं होतं, पंप उघडा पडून खळखळत होता, त्यामुळे ऐकू काहीच येत नव्हतं. दिसत होतं मात्र सगळं. तुझा गाल आतल्या बाजूने काचेला चिकटला होता, चपटा झाला होता, आणि त्याचा हात तुझ्या मानेवर होता. मारत नव्हता. नुसता धरून होता आणि तुझ्या कानाशी काहीतरी सांगत होता. त्या चहाच्या रंगाच्या पाण्यातून तुझा चेहरा आणि त्याच्या शेजारी सकरचं उघडंमिटं तोंड. किती वेळ गेला कोण जाणे. मी मनाला बजावलं की मी मासे बघतेय. मासे मोजत होते मी. तीन मासे मोजायला किती वेळ लागतो गं? डोळ्यावर कातडं ओढणं म्हणतात, ते मी दिवसाउजेडी, दिवा लावून केलं.

तू वीस दिवसांनी गेलीस. धाग्याचं रीळ आणायला म्हणून गेलीस ती गेलीसच. मी चारचौघांत तुला नावं ठेवली, ती सगळी इथे लिहीत नाही, तुझ्या कानावर आलीच असतील. पुढच्या रविवारी सकाळी तो पिशवीतून एक मासा घेऊन आला. एकच, निळ्या-तांबड्या पट्ट्याचा. पिशवी अर्धा तास तरंगवली, वाटीवाटीने पाणी घातलं, अगदी तू केलं होतंस तसं. मग मासा सोडला, खुर्ची काचेजवळ ओढली आणि बसला. मासा आधी कोपऱ्यात गेला, मग वर येऊन तोंड उघडू लागला, त्याचा रंग उतरला, आणि मग तो स्वतःभोवती गरगर फिरायला लागला. माझा मुलगा हलक्या आवाजात म्हणाला, आता? आणि आता? मला वाटलं माझ्याशी बोलतोय. मी स्वयंपाकघराच्या दारातून काय रे म्हणून विचारलं, तर मागे न बघता म्हणाला, तुला नाही, भिंगरीला.

तेव्हापासून दर रविवारी एक. नऊ रविवार, नऊ मासे. प्रत्येकाचं नाव भिंगरी. मेलेला मासा तो काढायचा नाही. ते तिघे वाट बघत असायचे. एंजल आधी फिरकायचेसुद्धा नाहीत, कडेला उभे राहून बघायचे, आणि गरगर थांबली की सावकाश यायचे. हीसुद्धा रुळली नाही, असं म्हणून तो उठायचा, हात धुवायचा आणि मला जेवायला वाढ म्हणायचा. भाजीत मीठ कमी असलं तरी काही बोलायचा नाही. दिसायला सगळं नेहमीसारखं होतं. मी वाढायचे. पण शनिवारी मी देवाला सांगायचे की उद्या माशांचं दुकान बंद असू दे.

एकदा तो कामावर गेल्यावर तुमच्या खोलीत केर काढायला गेले. कंबर भरून आली म्हणून पलंगावर टेकले, तुझ्या बाजूला. समोर टाकी. मी आजवर त्या बाजूने नीट कधी पाहिलंच नव्हतं. आमची खोली होती तेव्हा पलंग दुसऱ्या भिंतीला होता. मी स्वतःची समजूत घातली होती की दिव्याचा उजेड हॉलमधून पडतो, आतल्या माणसाला काचेत फक्त मासे दिसतात. तर बाई, मला माझी खुर्ची दिसली. इतकी स्वच्छ, की तिच्यावर टाकलेल्या शालीच्या गोंड्यांच्या गाठी मोजाव्यात. आणि क्षणभर असं वाटलं की शालीच्या आत कुणीतरी बसलंय आणि माझ्याकडे बघतंय. एंजल हलले, पाणी हललं, आणि ते बसलेलं माणूस उठलं नाही. मी धावत हॉलमध्ये गेले. शालच होती. पण तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. म्हणजे त्या बुधवारी तुलाही मी दिसत होते. मी तुला बघतेय, हे तू बघत होतीस. तुझे डोळे उघडे होते, मला आठवतं. मी घरात एकटीच होते, तरी पदराने तोंड झाकून घेतलं.

त्या दिवशी मी टाकीतलं पाणी औषधाच्या बाटलीत भरलं आणि या दुकानात आले. म्हटलं, तुझे सहा मेले, त्याचे रविवारचे मरताहेत, काय ते कळू तरी दे. दुकानदाराने पाणी काचेच्या नळीत घेतलं, त्यात थेंब टाकले, रंग बघितला, पुन्हा टाकले, पुन्हा बघितला. मग मला विचारतो, आजी, यात मासे जगताहेत? मी म्हटलं, तीन आहेत, चांगले धष्टपुष्ट. तर म्हणाला, पाणी वर्षानुवर्षं बदललं नाही, नुसती भर घातली, की आतली घाण साठत जाते आणि पाणी आंबट होत जातं. पण इतकं सावकाश, की आत असणाऱ्याला कळत नाही. तो रोज थोडाथोडा सोसत जातो. बाहेरून येणारा मात्र एका दमात मरतो. मी विचारलं, मग दोष त्या नव्या माशांचा नव्हता? तो हसायला लागला. नवे मासेच तर शहाणे, आजी, म्हणाला, त्यांना कळतं ना की पाणी वाईट आहे. मी त्याचे आभार मानून बाहेर आले आणि पायरीवर मटकन बसले. रस्त्यातली माणसं बघत होती. मी लहान मुलीसारखी हमसून हमसून रडले गं. तुझ्या हाताला यश नाही म्हणाले होते मी तुला.

उपाय त्याने सांगितला होता. सगळं पाणी एकदम बदलू नका, ते तिघे तडकाफडकी मरतील, त्यांना चांगलं पाणीही सोसायचं नाही. रोज एक तांब्या जुनं काढायचं, एक तांब्या रात्रभर ठेवलेलं नवं घालायचं, महिनोन् महिने. मी लागले कामाला. तो गेला की तांब्या काढायचा, मोरीत ओतायचा, बादलीतलं कालचं पाणी घालायचं, बादली ओट्याखाली सरकवायची. चोरी करण्यात एवढा आनंद असतो हे मला या वयात कळलं. तीन आठवड्यांत पाण्याचा रंग जरासा उतरला. आणि एका संध्याकाळी तो कामावरून आला, चप्पल काढली, टाकीपाशी गेला आणि थांबला. झाकण उचललं. पाण्यात बोट बुडवलं आणि ते तोंडात घातलं. चवीने, जिभेवर घोळवून. माझ्याकडे बघितलं आणि गोड हसला. दुसऱ्या दिवशी बादली घरात नव्हती, तांब्याही नव्हता.

त्याच आठवड्यात एक माणूस येऊन आतल्या खोलीच्या दाराची आतली कडी काढून गेला. भोकं बुजवली, वरून रंग दिला, आता तिथे कधी कडी होती असं वाटतसुद्धा नाही. बाहेरची कडी मात्र नवीन बसवली, चांगली जाड. मग त्याने माझी गादी आत नेली. हॉलमध्ये वारं लागतं तुला, म्हणाला, भिंगरी येईपर्यंत तू आत झोप. भिंगरी येईपर्यंत! आता संध्याकाळी मी तुझ्या पलंगावर बसते आणि तो माझ्या खुर्चीत बसतो. दिव्याचं बटण त्याच्या हाताशी. मासे मध्ये येतात-जातात, तो त्यांच्याकडे बघत नाही. मी कूस बदलली तर तो मान तिरकी करतो. काचेला साडी लावून बघितली. त्याने येऊन काढली, घडी घातली आणि माझ्या हातात दिली. माझ्या पोटचा गोळा आहे तो, मी त्याला भरवलंय, न्हाऊ घातलंय, आणि मला त्याची भीती वाटते. हे मी आजवर स्वतःशीसुद्धा बोलले नव्हते.

आता सांगते हे कशासाठी लिहिलं. तुझे शाळेचे दाखले आणि शिवणाची कात्री पाठवा म्हणून तू मला पत्र टाकलं होतंस, त्यावर तुझा पत्ता होता. फोन नंबर दिला नाहीस, शहाणी आहेस. तो पत्ता त्याला मीच दिला. त्याने धाक घातला नाही. तू आलीस की आई पुन्हा हॉलमध्ये, एवढंच म्हणाला, आणि मी डब्यातून पाकीट काढून त्याच्यापुढे ठेवलं. मग मंगळवारी त्याने मला कागद दिला. तिने तुझ्याकडे यावं म्हणून तिला काय लिहिशील, असं विचारलं. शब्द त्याने सांगितले नाहीत, भिंगरी, ते माझे मला सुचले. मी लिहिलं की माझे आता थोडेच दिवस राहिलेत, डॉक्टरांनी हात टेकले, झालं गेलं विसर, डोळे मिटायच्या आत तुला एकदा बघायचंय, याच्याबरोबर ये. त्याने वाचलं आणि म्हणाला, आजारी माणसाचं अक्षर इतकं वळणदार नसतं. तेव्हा मी दुसरा कागद घेतला आणि हात मुद्दाम थरथरवून पुन्हा लिहिलं. तीच चिठ्ठी घेऊन तो रविवारी येईल. त्याच्या डोळ्यांत पाणी असेल, ते खरं असेल, त्याला फसू नकोस. मी ठणठणीत आहे. दार उघडू नकोस. त्याहून बरं म्हणजे शनिवारीच बहिणीकडे निघून जा आणि त्या पत्त्यावरची खोली सोड. माझी दया येऊन घोटाळशील, म्हणून आणखी एक सांगते. यापुढे माझ्या अक्षरात काहीही आलं, माझ्या शपथेवर कुणी काहीही सांगितलं, मी गेले असं कळलं, अगदी खरोखरच गेले, तरीसुद्धा येऊ नकोस. त्या चिठ्ठीखाली मी ‘तुझीच आई’ असं लिहिलंय, त्यामुळे इथे मला ‘आई’ लिहवत नाही.

तुझीच,
सासू